ट्रॉलीच्या चाव्या: अमेरिकेत एलपीएन म्हणून काम करताना

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकची, वाणिज्य शाखेची पदवीधर. पतीच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आले आहे. इथे वर्षभरात एलपीएन होता येते असे कळले. हे काम प्रत्यक्षात कसे असते? ते नर्सचे असते की आयाचे? आणि माझ्यासारखीने त्यात पडावे का?"

मी चौदा वर्षे हे काम करते आहे. त्यांतली बहुतेक वर्षे नर्सिंग होममध्ये गेली, मधली दोन लोकांच्या घरी जाऊन. (इथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना ठेवून सांभाळणारी निवासी संस्था.) तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो विचारायला आपल्याकडच्या अनेक जणी संकोचतात. एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, ही नर्सच असते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांत याच पदाला एलव्हीएन म्हणतात, इतकाच नावाचा फरक. तिच्या वर आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स असते आणि तिच्या हाताखाली सीएनए म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट असतात. आंघोळ, कपडे, शी-शू, भरवणे, कूस बदलणे ही कामे मुख्यतः सीएनए करतात. आपल्या रुग्णालयांतल्या मावशींशी त्यांची तुलना करता येईल, मात्र त्यांनाही प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. शिक्षणाच्या कालावधीकडे पाहिले तर एलपीएन आपल्या एएनएमच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, जवळ येते, पण कामात साम्य फारसे नाही. एएनएमचा दिवस लसीकरण, गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांमध्ये जातो. एलपीएनच्या वाट्याला बहुतेक वेळा म्हातारपण येते. देशात सहा लाखांहून अधिक एलपीएन आहेत आणि त्यांच्यातली साधारण प्रत्येक तिसरी नर्सिंग होममध्ये किंवा तशाच निवासी संस्थेत काम करते. रुग्णालयांनी गेल्या काही दशकांत एलपीएन कमी करत आणल्या, म्हणून मी पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः नर्सिंग होमचे आहे.

या नावातला सगळ्यांत जड शब्द "लायसन्स्ड" हा आहे. न्यूयॉर्क राज्याने १९३८ साली आरएन आणि प्रॅक्टिकल नर्स अशा दोन दर्जांच्या परवान्यांचा कायदा केला, आणि पुढे इतर राज्यांतही तीच रीत पडली. हा परवाना राज्याच्या नर्सिंग बोर्डाने माझ्या नावाने दिलेला असतो, नर्सिंग होमच्या नावाने नव्हे. त्याचा अर्थ मला नोकरी लागल्यावर कळला. डॉक्टरांनी चुकीची मात्रा लिहिली, औषधवाल्याने तीच पाठवली आणि मी ती दिली, तर "मला सांगितले म्हणून दिली" हे उत्तर बोर्डापुढे चालत नाही. मात्रा शंकास्पद वाटली तर ती रोखून धरणे आणि फोन करून विचारणे हा माझ्या कामाचा भाग आहे, आगाऊपणा नव्हे. वडीलधाऱ्यांना आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू नये अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलींना हे शिकायला, औषधांची नावे पाठ करण्यापेक्षा, जास्त वेळ लागतो. निदान मला तरी लागला.

आता प्रत्यक्ष दिवस. पाळ्या तीन असतात: सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. सकाळी पावणेसातला मी मजल्यावर पोचते. रात्रीच्या नर्सकडून अहवाल ऐकते, आणि मग आम्ही दोघी औषधांच्या ट्रॉलीसमोर उभ्या राहून नियंत्रित औषधांची, म्हणजे व्यसन लागू शकते अशा औषधांची, मोजदाद करतो. ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, लोराझेपाम ही औषधे ट्रॉलीतल्या कुलूपबंद पेटीत असतात, म्हणजे दोन कुलपांच्या आत. ती प्रत्येक गोळीपाशी नंबर असलेल्या कार्डांत येतात. एक जण कार्डावरच्या उरलेल्या गोळ्या मोजते, दुसरी वहीतला आकडा वाचते. दोन्ही जुळले की दोघींच्या सह्या होतात आणि चाव्या माझ्या खिशात येतात. एक गोळी जरी कमी भरली, तरी रात्रीची नर्स घरी जाऊ शकत नाही. एखादी गोळी जमिनीवर पडली तर ती एकटीने टाकूनही देता येत नाही, दुसऱ्या नर्सला बोलावून तिच्या डोळ्यांदेखत नष्ट करून दोघींनी सही करावी लागते. चाव्या घेतल्या की मजला तुमचा. पुढची नर्स येईपर्यंत तो सोडून जाणे म्हणजे रुग्णांना वाऱ्यावर सोडणे, आणि त्यासाठी परवाना जाऊ शकतो. तीन वाजता येणारी नर्स बर्फात अडकली, घरी मुलाला ताप आहे, आणि चाव्या घ्यायला कोणी नाही, असे प्रसंग वर्षातून दोन-तीनदा येतातच.

मोजदाद संपली की साखर तपासायला निघायचे. नाश्त्याआधी सात-आठ जणांच्या बोटाला टोचून साखर पाहायची आणि त्याप्रमाणे इन्सुलिन द्यायचे. यात घाई अंगाशी येते, कारण जेवणाआधीचे जलद इन्सुलिन दिल्यावर ताट यायला उशीर झाला, तर दहा मिनिटांपूर्वी गप्पा मारणारी आजी घामाघूम होऊन भलतेच बोलू लागते. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पोटात जाईल इतका रस पाजायचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा टोचायचे. म्हणून मी इन्सुलिन देण्याआधी स्वयंपाकघराची ताटांची गाडी लिफ्टमधून बाहेर आली की नाही ते पाहते. पुस्तकात हे असे लिहिलेले नसते.

त्यानंतर सकाळच्या औषधांची फेरी. तिला इथे मेडपास म्हणतात, आणि एलपीएनचे निम्मे आयुष्य त्यात जाते. नऊ वाजताची औषधे रिवाजाप्रमाणे आठ ते दहा या वेळात द्यायची असतात. माझ्याकडे साधारण अठ्ठावीस रहिवासी असतात. (नर्सिंग होममध्ये रुग्ण न म्हणता रहिवासी म्हणायची पद्धत आहे, कारण ते त्यांचे घर असते.) एकशेवीस मिनिटांना अठ्ठावीसने भागून पाहा, एका माणसाला चार मिनिटांच्या थोडे वर येतात. त्या चार मिनिटांत योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी तपासायच्या, आठ-दहा गोळ्या काढायच्या, रक्तदाब पाहायचा. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या गोळ्या कुटून सफरचंदाच्या गरात कालवायच्या, आणि त्यांतली एखादी सावकाश विरघळणारी असेल तर ती कुटायची नाही, कारण दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, ते साठच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे. चारपैकी एक मिनिट तिथेच संपते. मग आजोबा म्हणतात, "ही पिवळी गोळी काल नव्हती." ते बरोबर असतात, औषध कंपनी बदललेली असते, पण ते समजावायला वेळ द्यावाच लागतो. एवढ्यात फोन वाजतो, कोणी पडल्याचा आवाज येतो, फिजिओथेरपीवाला रहिवाशाला घेऊन निघून जातो. राज्याचे तपासनीस येतात तेव्हा ते ट्रॉलीच्या बाजूला वही घेऊन उभे राहतात आणि गोळी गोळी मोजतात. चुकांचे प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत पोचले तर संस्थेवर ठपका येतो. सीएनएसाठी इथे कायदा आहे, दिवसा आठ रहिवाशांमागे एक हवी. अठ्ठावीस जणांच्या गोळ्या मात्र एकटीच्या हातात असतात, आणि हे गणित आजवर कोणी मला पटेल असे समजावून सांगितलेले नाही.

माझ्या हातून झालेली चूक इथे लिहिते, कारण ती नव्या मुलींना मी नेहमी सांगते. नोकरीचा दुसरा महिना होता. एका खोलीत दोन आजी राहत, एकीचा पलंग दाराकडे, दुसरीचा खिडकीकडे. त्या सकाळी खिडकीकडच्या आजी सहज येऊन दाराकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी आडनाव घेऊन "तुम्हीच ना?" असे विचारले. त्यांनी हसून मान हलवली आणि मी दुसरीच्या गोळ्या, त्यांत रक्तदाबाची मेटोप्रोलॉलही होती, त्यांना दिल्या. ट्रॉलीपाशी परत येऊन संगणकाच्या पडद्यावर पुढच्या रहिवाशाचे पान उघडले, तर मी आत्ताच गोळ्या दिल्या तो चेहरा त्या पानावर होता. पोटात गोळा आला. दोन क्षण असा विचारही मनात आला की या मेटोप्रोलॉलचे कोणाला काय कळणार आहे. मग मी सुपरवायझरकडे गेले. डॉक्टरांना फोन झाला. त्या आजींची स्वतःची रक्तदाबाची गोळी त्या दिवशी थांबवली. दर अर्ध्या तासाने रक्तदाब पाहिला, तो ९४/५२ पर्यंत उतरला आणि दुपारी सावरला. त्यांच्या मुलीला फोन मलाच करायला लावला. संध्याकाळी नर्सिंग संचालिकेने मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "फोटो पाहिला होता का?" मी पाहिला नव्हता. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला "तुम्ही अमुक ना?" असे कधीही विचारू नये, तो सौजन्याने हो म्हणतो. फोटो पाहायचा, मनगटावरची पट्टी वाचायची. चूक कळवणाऱ्या नर्सला सहसा प्रशिक्षण मिळते, लपवणारीचा परवाना जाऊ शकतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आता आरएन आणि एलपीएन यांच्यातल्या रेषेविषयी. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, आतल्या माणसाला दिवसातून दहादा दिसते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर एलपीएन आरएनच्या किंवा डॉक्टरांच्या निर्देशाखाली काम करते. ती माहिती गोळा करते, आरएन त्या माहितीचे मूल्यमापन करून काळजीचा आराखडा ठरवते. शिरेतून द्यायच्या औषधांपैकी एलपीएनने कोणती द्यावी याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव प्रमाण धरू नये. रेषा कशी असते ते एका टाचेवरून सांगते. सीएनए मला बोलावून रहिवाशाची टाच दाखवते. मी नोंद करते: "डाव्या टाचेवर दोन सेंटिमीटर लाली, दाबल्यावर फिकी पडत नाही, कातडी शाबूत." आरएन येऊन तीच टाच पाहते आणि लिहिते: "पहिल्या दर्जाचा बेडसोर", म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. दोघींनाही तो पहिल्या दर्जाचा आहे हे माहीत असते. तरी ते शब्द तिने लिहायचे असतात.

सुरुवातीला मला याचा राग येई. तो सर्वांत जास्त आला एका रात्री. एका आजोबांचा शेवट जवळ आला होता, पुनरुज्जीवन करू नये असा आदेश होता, मुलगा विमानात होता. पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी श्वास थांबला. मी आणि सीएनए पलंगाशी उभ्या होतो. मी लिहिले: "श्वास दिसत नाही, नाडी लागत नाही, सुपरवायझरना कळवले, ३.४०." मृत्यू झाला असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. आरएन सुपरवायझर दुसऱ्या मजल्यावर एका पडलेल्या रहिवाशापाशी होती. ती ३.५५ ला आली, तिने स्टेथोस्कोप लावला आणि मृत्यूची वेळ ३.५५ अशी नोंदली गेली. त्या पंधरा मिनिटांत आम्ही उशी नीट केली, तोंड पुसले आणि दिवा मंद केला. आज मला ती रेषा तितकी बोचत नाही, पण ती पंधरा मिनिटे आठवतात.

मग एलपीएनच्या हातात खरे काय उरते? माझे उत्तर असे आहे की रहिवाशाला रोज पाहणारी परवानाधारक व्यक्ती तीच असते. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, आरएन कागदांत बुडालेली असते. एक निवृत्त ट्रकचालक होते, ते रोज सकाळी कॉफी गार आहे म्हणून मला बोल लावत. एके दिवशी ते कॉफी निमूटपणे प्यायले. मी ट्रॉलीला कुलूप लावून परत आत गेले. नाडी ११२, श्वास मिनिटाला २६, अंगात ताप, आणि वार विचारला तर नीट सांगता येईना. आरएनने येऊन तपासले, तासाभरात ते रुग्णालयात होते. लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात पसरू लागला होता. डॉक्टरांना फोन करताना "आज कॉफीला नावे ठेवली नाहीत" असे सांगता येत नाही, तिथे आकडे द्यावे लागतात. पण आकडे घ्यायला हात गेला तो कॉफीमुळे. सीएनए हे माझ्याही आधी ओळखतात. जी एलपीएन आपल्या सीएनएंशी तोऱ्याने वागते, तिला ही खबर मिळत नाही.

नातेवाईकांविषयी थोडेच लिहिते. मध्य न्यू जर्सीत आपली वस्ती दाट आहे, त्यामुळे आता मराठी आजी-आजोबाही नर्सिंग होममध्ये येऊ लागले आहेत. त्यांच्या मुली मला कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच म्हणतात, "ताई, आईला इथे ठेवलंय हे तिकडे पुण्यात कोणाला कळू देऊ नका." मी कोणाला सांगणार असते? तसे सांगण्यास कायद्यानेही बंदी आहे. तरी त्यांना ते माझ्याकडून मराठीत ऐकायचे असते. १३ मार्च २०२० रोजी कोविडमुळे इथल्या केंद्र सरकारने देशभरातल्या नर्सिंग होममध्ये भेटीगाठी बंद करायला सांगितल्या आणि त्या वसंत ऋतूत या राज्यातल्या नर्सिंग होममध्ये हजारो माणसे गेली. खिडकीबाहेर उभ्या लेकीकडे आतून फोन धरून उभे राहणे हे तेव्हा आमचे काम झाले. त्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

पैशांचे आणि शरीराचे हिशेब एकदमच सांगते. केंद्रीय श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार एलपीएनचे मध्यम वार्षिक वेतन ६२,३४० डॉलर होते, आरएनचे ९३,६००. न्यू जर्सीत देशाच्या मानाने जास्त मिळते, पण घरभाडेही तसेच आहे. पाळीभर उभे राहून गुडघे आणि पाठ बोलू लागतात. चांगले बूट आणि पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे यांवर पहिल्या पगारातून खर्च करा. गोंगाट सोसत नसेल तर घरगुती काम मिळते, उदाहरणार्थ श्वासनलिकेत नळी असलेल्या एखाद्या लहान मुलाजवळ रात्रभर बसायचे. तिथे एकच रुग्ण असतो आणि त्याचे सगळे करायला वेळ मिळतो. पण मूल रुग्णालयात भरती झाले की तेवढे दिवस तुमची पाळी आणि पगार बंद.

तुमच्यापुरते सांगायचे तर, अभ्यासक्रम साधारण बारा महिन्यांचा, तालुक्यासारख्या इथल्या काउंटीच्या तंत्रशाळांत किंवा खासगी संस्थांत असतो. खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी ती न्यू जर्सी नर्सिंग बोर्डाची मान्यताप्राप्त आहे का आणि तिच्या किती विद्यार्थिनी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होतात, हे बोर्डाकडून तपासा, संस्थेच्या पत्रकावरून नव्हे. परीक्षेचे नाव एनक्लेक्स-पीएन. ती संगणकावर होते, उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत जातात, आणि सध्या कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५० प्रश्न पाच तासांत सोडवायचे असतात. पाठांतर तिथे फारसे उपयोगी पडत नाही. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल, असे ती विचारते. एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) शिकता येते, पण काम करायला वेगळी परवानगी लागते आणि ती ठरावीक परिस्थितीतच मिळते, ते आधी पाहून घ्या. एलपीएन होऊन त्या जोरावर ग्रीन कार्ड मिळेल असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. नर्सना इमिग्रेशनमध्ये जी "शेड्यूल ए"ची सवलत आहे ती आरएनसाठी आहे. भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मैत्रिणींनाही इथेच सांगते: थेट एलपीएनला बसू नका, आधी कागदपत्रांचे मूल्यांकन करून घ्या. अनेक जणींना थेट आरएनच्या परीक्षेला बसता येते आणि हे माहीत नसल्यामुळे त्या वर्ष आणि पैसे दोन्ही घालवतात. तुम्ही वाणिज्य शाखेच्या, तुमच्यासाठी एलपीएन ही पहिली पायरी ठरू शकते. पुढे नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षांत आरएन होणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्या आहेत. मी तशी झाले नाही, त्याला कारणे घरची होती.

पडावे की नाही, हे मी ठरवणार नाही, पण ठरवण्याचा मार्ग सांगते. कामाची परवानगी हाती असेल तर आधी सीएनएचे प्रशिक्षण घ्या. न्यू जर्सीत ते ९० तासांचे आहे आणि अनेक नर्सिंग होम त्याचा खर्च स्वतः करतात. तीन महिने ते काम करा, आणि त्यांतला एक महिना तरी तीन ते अकराची पाळी मागून घ्या. संध्याकाळ झाली की स्मृतिभ्रंश झालेली माणसे अस्वस्थ होतात, घरी जायचे म्हणून दाराशी येऊन उभी राहतात, आणि त्याच वेळी अठ्ठावीस जणांची जेवणे, साखर आणि रात्रीच्या गोळ्या एकदम अंगावर येतात. ट्रॉलीमागे उभी असलेली नर्स त्या वेळी काय करते ते जवळून पाहा आणि मग प्रवेशाचा अर्ज भरा.